फोडणीमास्तरची खानावळ

आमच्या गावात मला लेखक कुणी म्हणत नाही, फोडणीमास्तर म्हणतात. मास्तर मी कधीच नव्हतो. आणि फोडणी म्हणाल तर साठी उलटेपर्यंत ती माझ्या हातून एकदाही कढईत पडली नव्हती. पण एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत खाण्यापिण्यावरचं माझं सदर कित्येक वर्षं चालू आहे, दोन पुस्तकंही निघाली आहेत, आणि ताडकळसच्या बाजारात एकदा माझा फोटो असलेल्या पानातच कुणाला तरी भजी बांधून मिळाली. तेव्हापासून गावाला माझा उद्योग कळला. बाप्या माणसानं आमटीवर लिहायचं म्हणजे पारावरच्या मंडळींना आयताच विषय. "काय मास्तर, ह्या रविवारी काय शिजायलंय?" असं ते विचारतात, आणि मीही गंभीर चेहरा करून सांगतो.

लिहायला लागलो तो काही ठरवून नाही. परभणीत एका वर्तमानपत्राच्या कचेरीत मी मुद्रितं तपासायचो, म्हणजे दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करायचो. पाककृती लिहिणाऱ्या बाईंचा मजकूर एका आठवड्याला आलाच नाही आणि पान मोकळं राहिलं. उपसंपादक कावले होते. "काहीही लिहा, पण हे भगदाड बुजवा," म्हणाले. माझ्यापुढं जेवणाचा डबा उघडा होता आणि डब्यात बायकोनं दिलेली सोल्यांची आमटी होती. सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांचे दाणे. ते तव्यावर भाजायचे, अर्धे भरड वाटायचे, अर्धे तसेच ठेवायचे, हे मला ठाऊक होतं, कारण ती करत असताना चुलीपुढं बसून बडबड करायची मला खोडच होती. मी त्या आमटीवरच लिहून टाकलं. पुढच्या आठवड्यात त्या बाईंचा मजकूर वेळेवर आला, पण तोवर वाचकांनी 'आमटीवाले कुठं गेले' म्हणून विचारायला सुरुवात केली होती.

पुढं वाटणीत तीन एकर रान आलं आणि मी कचेरी सोडली. रानातच राहायला गेलो. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. आमचा आखाडा म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या, पुढं ओसरी, कडुलिंबाचं एक झाड आणि विहीर. कापूस, त्यात तुरीचे तास, म्हणजे ओळी, हिवाळ्यात ज्वारी, आणि विहिरीच्या कडेला वांगी, मेथी, अंबाडी, दोन शेवगे. लोकांना वाटतं मी लिहिता लिहिता शेती करतो. खरं म्हणजे शेती ती करायची, मी तिच्या मागं मागं फिरून हे काय, ते काय विचारायचो आणि संध्याकाळी लिहायला बसायचो. तिला त्याचं काही वाटत नसे. कधी चिडली तर म्हणायची, "मी शिजवायलेय, तुमी नुसतं वास घेऊन पोट भरा." आणि तरी पहिली वाटी माझ्याच पुढं ठेवायची.

पुरवणीत माझा फोन नंबर छापलेला असे. सेलूहून, पाथरीहून बायकांचे फोन यायचे. धपाट्याला मिरच्या किती घालायच्या, असा साधा प्रश्न. मला कुठलं येतंय! मी फोन तिच्या हातात द्यायचो. ती आधी विचारायची, "तुमच्या घरात माणसं किती हायेत वो?" मग लेकरं किती, म्हातारं माणूस आहे का, कुणी शेतात राबून येतं का, आणि हे सगळं झाल्यावर मिरच्यांचा आकडा. मी शेजारून कितीही खुणा केल्या तरी तिची ही चौकशी चुकायची नाही. मी मात्र पुरवणीच्या शिस्तीप्रमाणे सगळ्याच पदार्थांवर 'चार जणांसाठी' असं लिहून मोकळा व्हायचो.

दोन वर्षांपूर्वी, पेरण्या उरकल्यावर, एके सकाळी ती गोठ्यातून येताना ओसरीच्या पायरीवर बसली ती बसलीच. उजव्या अंगावरून वारं गेलं. परभणीच्या दवाखान्यात जीव वाचला. हात, पाय आणि बोलणं मात्र गेलं. समजायचं सगळं. कुणी चुकीचं बोललं तर डोळे मोठे करायची, हसू आलं तर अर्ध्या तोंडानं हसायची. बोलायला गेलं की घशातून नुसता आवाज यायचा आणि तो ऐकून तिलाच लाज वाटायची. मग ती तोंड मिटून घ्यायची.

लेक पुण्याहून आली. नोकरीतून रजा काढून राहिली. सकाळी स्वयंपाक करायची, मला वाढायची, मी पानावरून उठलो की आईचं ताट घेऊन बसायची. ज्वारीच्या कण्या, मुगाचं वरण, दुधात कुस्करलेली भाकरी. ती खायची. फार नाही, पण खायची. आम्हाला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. पोळ्यानंतर लेकीला जाणं भाग होतं. ती रडत गेली. जाताना मला गॅसवरचा कुकर आणि त्याच्या शिट्ट्या समजावून गेली. एवढी पुस्तकं लिहिलेल्या माणसाला शिट्ट्या शिकवाव्या लागल्या, याचं तिला त्या रडण्यातही हसू आलं.

आणि माझ्या हाती स्वयंपाक आल्या दिवसापासून बायकोनं खाणं सोडलं.

सोडलं म्हणजे काय, दोन घास घ्यायची आणि ओठ मिटायची. मी चमचा पुढं केला की मान फिरवायची. डाव्या हातानं ताट माझ्याकडं सरकवायची. मी ते परत तिच्यापुढं ठेवलं की पुन्हा सरकवायची. शेवटी मी ताट उचलून आत न्यायचो आणि मोरीपाशी उभा राहून विचार करायचो, की चुकलं कुठं. लेकीच्या हातचं खात होती, माझ्या हातचं खात नाही. मग उघडच होतं ना, स्वयंपाकात खोट होती.

पुढच्या तपासणीला वजन फारच उतरलेलं निघालं. डॉक्टरबाई तरुण होत्या पण स्पष्ट बोलणाऱ्या. "काका, ह्यांना गिळायला काही अडचण नाही. तरी पोटात जात नाहीये. असंच राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. पुढच्या वेळेला बघू." हे त्या तिच्यासमोरच बोलल्या. वॉर्डात असताना तिच्या शेजारच्या खाटेवर एका म्हातारीला तसली नळी होती. म्हातारी ती ओढून काढायची म्हणून तिचे हात फडक्यानं खाटेच्या दांडीला बांधून ठेवले होते. ते हिनं रोज पाहिलं होतं. डॉक्टरबाईंचं बोलणं संपायच्या आत हिनं डाव्या हातानं माझी बाही धरली, आणि जीपमध्ये बसेपर्यंत सोडली नाही.

त्या दिवसापासून मला दुसरा उद्योग उरला नाही. संपादकांना कळवलं की काही महिने सदर जमणार नाही. त्यांनी चांगुलपणानं जुनेच लेख पुन्हा छापायला घेतले. तर गंमत अशी, की तिकडं पुरवणीत मी थाटात शेंगोळ्यांचा रस्सा सांगत होतो आणि इकडं आखाड्यावर मला वरणाला हिंग कधी घालायचा ते कळत नव्हतं. मी माझीच पुस्तकं काढून बसलो. सांगतो तुम्हाला, फार वाईट पुस्तकं आहेत. 'अंदाजानं मीठ घालावे', 'खमंग वास आला की उतरवावे' असलं त्यात भरलंय. कुणाच्या अंदाजानं? कुठला वास? दोनदा ते पुस्तक मी चुलीत घालायला निघालो होतो.

तरी हटलो नाही. कण्या केल्या, त्या खळ झाल्या. पुन्हा केल्या, जमल्या. आंबील केली. पेंडपाला केला, अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून घोटली. येसराची आमटी केली, तिच्या माहेरची आवडती म्हणून. मिरची कमी केली, वाढवली. मीठ कमी केलं. मग आठवलं, ती स्वतः अळणी खात नसे, म्हणून वाढवलं. भाकरी थापायला शिकलो. माझी पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा तिचा आकार परभणी जिल्ह्याच्या नकाशासारखा होता, आणि सेलूच्या बाजूनं ती फाटली होती. ती खाटेवरून पाहत होती. इतकी हसली की मला वाटलं, आज नक्की जेवेल. दोन घास घेतले. ताट माझ्याकडं सरकवलं.

राग यायचा मला. आजारी माणसावर रागावू नये हे कळतं, पण यायचा. एकदा मी ताट आपटलंच. "काय हवंय तुला? सांग तरी!" असं ओरडलो, आणि ओरडल्यावर लक्षात आलं की सांगता येत नाही हेच तर दुखणं आहे. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग ताटाकडं पाहिलं, आणि पुन्हा ते हातभर पुढं ढकललं. मी बाहेर जाऊन लिंबाखाली बसलो. भीती वाटत होती. ती मला डोळ्यांदेखत उपाशी राहून सोडून जाणार, आणि मी आयुष्यभर अन्नावर लिहिलेला माणूस नुसता बघत राहणार, ही भीती होती.

कापसात खुरपणी चालू होती. पाच-सहा बाया यायच्या. दुपारी त्या लिंबाखाली बसून आपापली फडकी सोडायच्या. त्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळेला पावसाची सर आली आणि सगळ्या पळत ओसरीवर आल्या. तिथंच हिची खाट होती. दाटीवाटीनं बसल्या. "काकू, बऱ्या हाव का?" विचारलं, आणि फडकी सोडली. कुणाकडं बेसन, कुणाकडं नुसता ठेचा, एकीकडं मुगाची घट्ट डाळ.

हिनं मला हाक मारल्यासारखा आवाज काढला. मी आतून आलो तर डाव्या हातानं फळीकडं दाखवत होती. फळीवर कारळाच्या चटणीची बरणी होती, तिच्याच हातची, दुखण्याआधीची. मी बरणी काढली. ती एकेकीकडं बोट करत गेली आणि मी एकेकीच्या भाकरीवर चटणी घालत गेलो. मग बोट तेलाच्या भांड्याकडं. मग पाण्याच्या घागरीकडं. एका बाईची भाकरी संपत आलेली हिच्या नजरेला पडली, तर हिनं माझ्याकडं असं काही पाहिलं की मी मुकाट्यानं आत जाऊन माझ्या नकाशांपैकी एक आणून दिला. बाया तो बघून पदराआड हसल्या.

सगळ्यांचं होत आलं तेव्हा डाळवाली बाई म्हणाली, "काकू, घ्या की वो तुमीबी," आणि डाळीत भाकरीचा मऊ तुकडा बुडवून तिच्या तोंडाशी नेला. हिनं तोंड उघडलं. मग पुन्हा उघडलं. अर्धी भाकरी खाल्ली असेल. गार, सकाळची, मिरचीनं लाल झालेल्या डाळीतली. डोळ्यांतून पाणी येत होतं तिखटानं, तरी खात होती.

मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही, पण खोटं कशाला बोलू, थोडी आगही झाली. मी कण्या घोटून घोटून हाताला घट्टे पाडून घेतले आणि ही बाई कुणाची तरी शिळी डाळ मिटक्या मारत खातेय! "काय आहे तुमच्या डाळीत?" मी त्या बाईला विचारलं. ती घाबरली. "काय न्हाई वो काका. डाळ हाय," म्हणाली.

त्या रात्री नीट विचार केल्यावर मला उलगडलं, असं मला वाटलं. तिची जन्माची सवय होती. आधी रानातल्या बायांची भाकर, मग घरातली माणसं, मग दारात आलेला कुणी, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर ती. कुणाचं पोट भरलं की नाही हे पाहिल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. फोनवर आधी माणसं मोजणारी बाई ती. आणि मी तिला पहिल्या वाफेचं, गरमागरम, सगळ्यांच्या आधी भरवायला जात होतो. मला वाटायचं प्रेम करतोय. तिला ते जेवण वाटतच नव्हतं, औषध वाटत असणार.

दुसऱ्या दिवसापासून बायांना सांगून टाकलं, भाकरी आणायची नाही, इथं जेवायचं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. मी पहाटेपासून शिजवत बसायचो. दुपारी सगळ्या ओसरीवर. ती खाटेवर उशीला टेकून बसायची, बोटानं वाढायला लावायची, आणि शेवटी स्वतः खायची. तिच्या गालाला जरा रंग आला. तोंडानं आवाज काढायची लाजही कमी झाली. बाया तिच्याशी गप्पा मारायच्या आणि ती हूं, अं करून अगदी ठसक्यात उत्तरं द्यायची.

खुरपणी संपली आणि बाया यायच्या थांबल्या. पहिल्या दिवशी तिनं दोन घास घेऊन ओठ मिटले. मी घाबरलो. वहाणा घातल्या आणि सडकेवर जाऊन उभा राहिलो.

हा माझ्या लेखनकारकिर्दीचा सगळ्यात उंच काळ असावा. मी सडकेवर उभा राहून लोकांना जेवायला बोलावत होतो. दूध गोळा करणारा आला. विजेच्या खांबावर चढलेल्या वायरमनला खालून ओरडलो, "उतरा, जेवून घ्या." ताडकळसहून येणाऱ्या जीपचा ड्रायव्हर एकदा आख्ख्या जीपसकट आला. एका पाव्हण्याला वाटलं माझ्याकडं काही कार्य आहे, तो आहेर शोधायला लागला. "आवो, कामून जेवू घालायलाव?" असं विचारलं की मी सांगायचो, "आमच्या मंडळींना पंगत बघायची आवड आहे." हळूहळू गावालाच कळलं. पारावर बातमी झाली की फोडणीमास्तरनी खानावळ टाकली. चेष्टा खूप झाली. पण चेष्टा करणारेही यायचे. येताना कुणी मेथीची जुडी, कुणी ताक, कुणी भोपळा आणायचं, आणि आल्यावर आधी खाटेपाशी जाऊन "काकू, आमी आलाव बरं" म्हणून वर्दी द्यायचं. गाव मला कितीही टोचून बोलो, त्या दिवसांत त्यानं मला उचलून धरलं. ते मी विसरणार नाही.

माझा अंदाज मात्र सुधारला नाही. चार जणांसाठी लिहायची इतकी सवय, की सहा माणसं आली तरी हात चौघांपुरताच पडायचा. आलेल्यांना वाढायचं, मग तिला भरवायचं. तोवर भांडं खरवडायला आलेलं असे. मी चहा करून घ्यायचो, त्यात काहीतरी बुडवायचो, आणि संध्याकाळच्या तयारीला लागायचो. लुंगी कमरेवर टिकेना म्हणून पायजमे घालायला लागलो आणि नाडी आवळून बांधायला लागलो. धावपळीनं जरा उतरलो असेन असं वाटलं. तेवढं लक्ष द्यायला वेळ कुणाला होता? तिचं निम्मं ताट पोटात जात होतं, हेच मला भरपूर होतं. उरलेलं निम्मं ती अजूनही माझ्याकडं सरकवायची. मी म्हणायचो, "बरं, पुरे झालं का? ठेवतो झाकून." आणि संध्याकाळी तेच तिला ऊन करून द्यायचो.

तपासणीचा दिवस आला. पहाटे उठून धपाटे केले. आता ते गोल यायला लागले होते. दह्यात मऊ पडावेत म्हणून डब्यात दही घालून भरले. जीपवाल्यानं अगदी दारापर्यंत गाडी आणली, दोघांनी मिळून तिला उचलून बसवलं. परभणीपर्यंत ती काचेतून रानं बघत होती आणि मी मनातल्या मनात नळी, नळी करत होतो.

दवाखान्यात तिला धरून काट्यावर उभं केलं. काटा हलला, थांबला. डॉक्टरबाईंनी मागचा आकडा बघितला आणि हसल्या. "वाढलंय, काका. हळूहळू वाढतंय. नळीचं आता नाव काढायला नको." मला हुंदका आला. परक्या बाईसमोर, नर्ससमोर, मी सरळ रडलो. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

डॉक्टरबाई तिच्याकडं वळल्या. लहान मुलीशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाल्या, "मग काकू, नीट जेवता ना? काका चांगलं करून घालतात का?"

ती मान हलवेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. माझीही. तिनं तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. कपाळाला आठ्या पडल्या. खुर्चीचा दांडा डाव्या हातानं गच्च धरला.

"हे," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून शब्द असा आला नव्हता.

"हे... जेवले... न्हाईत."

डॉक्टरबाईंना वाटलं तिला प्रश्न समजला नाही. "नाही काकू, मी तुमचं विचारतेय. तुम्ही जेवता का?"

तिला राग आला. तो मी ओळखतो, इतकी वर्षं खाल्लाय. तिनं दांडा सोडला, हात लांब करून माझा सदरा कमरेपाशी मुठीत धरला, आणि किती कापड मोकळं लोंबतंय ते डॉक्टरबाईंना ओढून दाखवलं. "हे जेवले न्हाईत," पुन्हा म्हणाली, आता जरा भराभर. मग तिला रडू फुटलं.

डॉक्टरबाईंनी मला काट्यावर उभं केलं. आकडा सांगितला नाही, नुसतं माझ्याकडं पाहिलं. "सकाळपासून काय खाल्लंत?" विचारलं. मी चहा म्हणालो. "आणि काल?" मला आठवेना.

तिथं त्या काट्यावर उभं असताना मला सगळं दिसलं. लेक होती तेव्हा ती का खात होती ते दिसलं. लेक आधी मला वाढायची, आणि ही खाटेवरून माझं जेवण होईस्तोवर बघत बसायची. बाया, वायरमन, दूधवाला, सगळ्यांची पोटं भरलेली तिनं पाहिली आणि त्यांच्या पुण्याईनं निम्मं ताट खाल्लं. उरलेलं निम्मं खाल्लं नाही. इतके महिने मला वाटत होतं ती ताट परत करतेय. ती ते मला देत होती. रोज, दोन्ही वेळा, जेवढा हात पुढं जाईल तेवढा पुढं करून देत होती, आणि मी ते उचलून झाकून ठेवत होतो.

"बाहेर बाकड्यावर बसा आणि आधी जेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे माझं औषध समजा."

मी तिची चाकाची खुर्ची बाहेर आणली, बाकड्याला लावली. डबा उघडला. सवयीनं धपाट्याचा तुकडा मोडून तिच्या तोंडाशी नेला. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. तुकडा मी माझ्या तोंडात घातला.

दही आंबट झालं होतं. मीठ बरोबर होतं. येणारे-जाणारे बघत होते, एक शिकाऊ नर्स थांबून बघत होती, आणि मी भर दवाखान्यात मांडीवर डबा घेऊन गपागप खात होतो. किती भूक लागली होती ते खायला लागल्यावर कळलं. ती माझ्या हाताकडं बघत होती, तोंडाकडं बघत होती. दोन धपाटे झाल्यावर मी थांबलो तर भुवई वर गेली. तिसरा खाल्ला. पाणी प्यालो, तोंड पुसलं.

मग तिनं डावा हात डब्याकडं पुढं केला.